दफनाच्या वेळचं बोलणं घराला लागलंय. पाळकसाहेबांशी कसं बोलावं, त्या घरी काय बोलावं?

प्रश्न | संडेस्कूल_नगर

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

आमच्या चर्चच्या मंडळीतला एकोणीस वर्षांचा मुलगा मागच्या महिन्यात धरणात बुडून गेला. मित्रांबरोबर गेला होता, वार रविवार. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांच्या तोंडून दोन वाक्यं गेली. एक, ‘तो देवाचा फार लाडका होता म्हणून देवाने त्याला लवकर बोलावलं.’ दुसरं तरुणांकडे बघून, ‘प्रभूचा दिवस मोडला की काय होतं ते आज डोळ्यांसमोर आहे.’

आईवडील तेव्हापासून देवळात आलेले नाहीत. धाकटी बहीण मावशीबरोबर संडेस्कूलला येते. वर्गात एका पोराने सरळ विचारलं, ‘देव लाडक्यांना नेतो, तर मग आपण लाडकं व्हायचं कशाला?’

मंडळीत दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, अभिषिक्ताविरुद्ध, म्हणजे देवाच्या कामाला वाहिलेल्या पाळकांविरुद्ध, तोंड उघडायचं नसतं. उरलेले बिशपसाहेबांकडे सह्यांचं पत्र पाठवायच्या तयारीत आहेत. ग्रुपवर व्हॉइस मेसेजचा पाऊस आहे.

मला विचारायचंय ते असं: पाळकसाहेबांचा मान राखून हे त्यांना सांगायचं कसं? त्या घरी जाऊन काय बोलायचं? वर्गात त्या पोराला काय उत्तर द्यायचं? आणि ‘अभिषिक्त’वाल्यांचं म्हणणं वचनाला धरून आहे का?

---

उत्तर १ | पास्टोरेट_सेक्रेटरी

सगळ्यात आधी ग्रुप बंद करा. अ‍ॅडमिनला सांगून काही दिवस ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ अशी सेटिंग ठेवा. दफनाची व्हिडिओ क्लिप फिरत असेल तर ज्याने टाकली त्याला फोन करून काढायला लावा. ती क्लिप पाळकसाहेबांपर्यंत पोचेल न पोचेल, त्या आईपर्यंत नक्की पोचते, आणि दर वेळी नवा घाव.

आता ‘अभिषिक्त’. हे वाक्य दोन ठिकाणांहून उचललं जातं. स्तोत्र १०५:१५ मध्ये ते अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे. परमुलखात फिरणाऱ्या त्या निराधार कुटुंबाला हात लावू नका, असं तिथल्या राजांना बजावलेलं. म्हणजे ते वचन बलवानाच्या बाजूचं नाहीच. दुसरं १ शमुवेल २४. आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजावर दावीद ‘हात टाकणार नाही’ म्हणतो, तिथे हात टाकणं म्हणजे गुहेत ठार मारणं. पण पुढे वाचा. दावीद गुहेबाहेर येतो, भुईपर्यंत लवून मुजरा करतो, ‘स्वामीराज’ म्हणतो, ‘बापा’ म्हणतो, आणि कापलेला झग्याचा काठ हातात धरून सगळ्या सैन्यासमोर शौलाला त्याची चूक सांगतो. शौल रडतो. मान आणि जाब दोन्ही एकाच अध्यायात आहेत. आपले लोक अर्धा अध्याय वाचून पुस्तक मिटतात.

याच्या जोडीला १ तीमथ्य ५ पूर्ण वाचा. पहिलंच वचन, वडील माणसाला टाकून बोलू नको, बापासारखं समजाव. सतराव्यात, शिकवण्याचे श्रम घेणाऱ्यांना दुप्पट मान. एकोणिसाव्यात, दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप दाखल करून घेऊ नको. आणि विसाव्यात, जे पाप करत राहतात त्यांना सर्वांदेखत दोष दे. चारही एकाच पत्रात, एकाच माणसाने लिहिलेली.

प्रत्यक्षात असं करा:

दोघेच जा. एक वडील मंडळातले (मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी) आणि एक त्या घराच्या जवळचे. जाण्याआधी आईवडिलांना विचारा, ‘तुमच्या वतीने आम्ही बोललं तर चालेल का?’ ते नको म्हणाले तर त्यांचं नाव काढायचं नाही, फक्त मंडळीला काय वाटलं ते बोलायचं.

वार मंगळवार-बुधवार धरा. शनिवारी साहेब प्रवचनाच्या तयारीत असतात, आणि रविवारी उपासना सुटल्यावर दारात हात मिळवताना हा विषय काढणं म्हणजे तो कायमचा बिघडवणं. फोन करून वेळ घ्या. बसायचं त्यांच्या अभ्यासिकेत. पाळकीणबाई समोर असतील तर नवऱ्याची चूक त्यांच्यादेखत काढू नका.

बोलायचं वाक्य घरूनच ठरवून जा, कारण ऐन वेळी एक तर जीभ वळत नाही, नाहीतर घसरते. साधारण असं: ‘साहेब, दफनाच्या वेळी रविवारचा उल्लेख झाला. आईवडिलांनी त्याचा अर्थ असा घेतला की पोरगा स्वतःच्या पापाने मेला. ते तेव्हापासून देवळात आलेले नाहीत. आपण एकदा त्यांच्या घरी यावं आणि त्या वाक्याने तुम्हाला दुखवलं, मला वाईट वाटतं, एवढं म्हणावं.’ बस. मागणी एकच ठेवा. त्यात मागची बिलं, संडेस्कूलची खोली, क्वायरची भांडणं आणू नका.

‘मी वचनच सांगितलं’ असं उत्तर बहुतेक येईल. तिथे वादाला बसू नका. ‘वचनाबद्दल तक्रार नाही साहेब, घर तुटतंय’ म्हणा आणि गप्प राहा. त्यांना आठवडा द्या.

पाळकांच्या बाजूनेही बघायला हवं. बुडालेल्या माणसाचं दफन बहुतेक वेळा शवविच्छेदनानंतर घाईत होतं. प्रवचनाला तयारी शून्य. समोर एरवी देवळात न दिसणारे दोनशे लोक. मग ‘एवढे लोक पुन्हा कधी मिळणार’ म्हणून ताकीद तोंडातून जाते. चूक आहे, पण दुष्टपणा असतोच असं नाही.

आठवडा गेला आणि काही झालं नाही तर मत्तय १८:१६ प्रमाणे आणखी एक-दोन जणांना घेऊन जा. मग कमिटीत विषय, मग डायसिस (बिशपसाहेबांचं कार्यालय). पत्र लिहायचंच तर नावासह, सहीसह, घडलेली वाक्यं तारखेसकट, विशेषणं न लावता. निनावी पत्र पाठवू नका. ज्याच्यावर लिहिलं त्याला उत्तर देता येत नाही आणि ज्याने वाचलं त्याला चौकशी करता येत नाही. वर्गणी थांबवण्याचा मार्गही काढू नका. त्याने पाळकसाहेबांचं काही अडत नाही. देवळाच्या शिपायाचा पगार आणि विजेचं बिल अडतं.

एक मोठा अपवाद. हे सगळं चुकलेल्या शब्दांबद्दल आहे. पाळक असोत, फादर असोत की संडेस्कूलचा शिक्षक, लहान मुलाशी लैंगिक गैरवर्तनाचा प्रश्न असेल तर ‘आधी एकांतात समज’ हा नियम तिथे लावायचा नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. मंडळीची अब्रू वगैरे नंतर.

---

उत्तर २ | गास_वसई

आम्ही कॅथलिक, तेव्हा विधी वेगळे. पण शोकाचं घर सगळीकडे सारखंच.

प्रवचनाबद्दल आधी एक. मिस्साग्रंथाच्या (मिस्सा म्हणजे आमची मुख्य उपासना) सर्वसाधारण नियमावलीत ३८२ व्या परिच्छेदात म्हटलंय की अंत्यविधीच्या मिस्सात छोटं प्रवचन असावं, मृताचं गुणगान नसावं. बऱ्याच फादरांना लोक यावरून नावं ठेवतात, ‘आमच्या माणसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत’. पण नियमामागे शहाणपण आहे. धर्मगुरूने ख्रिस्ताच्या मरणाबद्दल आणि उठण्याबद्दल बोलावं. मेलेल्या माणसाच्या आयुष्याचा हिशेब त्याने मांडायचा नसतो, चांगला नाही आणि वाईटही नाही. तुमच्याकडे जे झालं ते नेमकं हा हिशेब मांडल्यामुळे झालं.

त्या घरी काय बोलू नये ते आधी सांगतो, कारण नुकसान तिथेच होतं.

‘देवाची इच्छा.’ तुम्हाला कोणी कळवली?

‘देव झेपेल तेवढंच देतो.’ १ करिंथ १०:१३ च्या नावावर हे खपवतात. ते वचन मोहाच्या परीक्षेबद्दल आहे, मुलाच्या मरणाबद्दल नाही. आईला ते असं ऐकू येतं की मी कमकुवत असते तर पोरगं वाचलं असतं.

‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात.’ रोम ८:२८ खरं आहे, पण ते ज्याचं त्याने, वर्षांनी, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं वचन आहे. दुसऱ्याने कबरीवरची माती ओली असताना म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर त्याच अध्यायातलं सव्विसावं घ्या: प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा कण्हत आपल्यासाठी विनंती करतो.

‘तुम्हाला अजून एक मुलगी आहे ना.’ ही मुलगी त्याच खोलीत बसलेली असते.

मुलंबाळं, सगळं गमावलेल्या ईयोबाच्या तिघा मित्रांची आठवण ठेवा. सात दिवस सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोललं नाही (२:१३). तोवर सगळं नीट होतं. मग ईयोब बोलला, त्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि पुढचे तीस-पस्तीस अध्याय वाद. शेवटी देव म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला (४२:७). देवाची बाजू घेणाऱ्यांनाच देवाने चुकीचं ठरवलंय, हे लक्षात असलं की त्या घरी जाताना जीभ आपोआप जड होते.

मग बोलायचं काय? मुलाचं नाव घ्या. लोक नाव टाळतात, ‘तो’, ‘ती गोष्ट’ करतात. ‘त्याची आठवण येते’ एवढं वाक्य पुरे. रडू आलं तर येऊ द्या. रोमकरांस १२:१५ मध्ये रडणाऱ्यांबरोबर रडा असंच लिहिलंय, त्यांना गप्प करा असं नाही. वीस मिनिटं बसा, उठा. प्रार्थना करू का, असं विचारा आणि नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. केलीत तर दोन मिनिटांची करा. प्रार्थनेच्या आडून उपदेश करायची आपल्याला सवय आहे.

आता कामाचं. बुडून मरण आलं की पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, पूर्वीचं १७४), पंचनामा, शवविच्छेदन. या कागदांच्या प्रती विम्याला, बँकेला, कॉलेजला लागतात, आणि बाप पुन्हा पुन्हा पोलीस ठाण्यात उभा राहतो. मंडळीतल्या एका माणसाने हे काम अंगावर घ्यावं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. ती झाली का, दाखल्यावर नाव आधारप्रमाणे आहे का, हे बघावं. स्पेलिंग चुकलं की दुरुस्तीला चकरा.

जेवणाचं पहिल्या आठवड्यात कमी पडत नाही, उलट वाया जातं. पंधराव्या दिवसानंतर कोणी फिरकत नाही. म्हणून एक वही करा, तारखा लिहा: महिना, वाढदिवस, परीक्षेच्या निकालाचा दिवस, नाताळची पहिली रात्र, वर्ष. प्रत्येक तारखेपुढे एका घराचं नाव. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, ते घर कधीच सांगत नाही. ‘गुरुवारी डबा मी आणते, धाकटीला ट्यूशनला मी सोडते’ असं म्हणा.

---

उत्तर ३ | बेरिया_१७११

चौथ्या प्रश्नाचं उत्तर वर आलंच आहे, मी ‘प्रभूचा दिवस मोडला म्हणून’ यावर लिहितो.

हा प्रश्न थेट येशूपुढे आला होता. लूक १३ च्या सुरुवातीची पाच वचनं. दोन दुर्घटना: रोमी सुभेदार पिलाताने यज्ञाच्या वेळी मारलेले गालीली, आणि शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा. पहिली माणसाने केलेली, दुसरी अपघाताची. दोन्हींबद्दल येशूचा प्रश्न एकच, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं काय? आणि उत्तरही एकच, नाही. योहान ९ मध्ये जन्मांधाबद्दल शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? तिथेही दोन्ही पर्याय नाकारलेत.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप, अनंत चतुर्दशीची रात्र नुकती सरलेली. हजारो माणसं गेली. त्या वेळी पापाची शिक्षा म्हणणारे सगळ्या धर्मांत निघाले. पण माणसं मेली ती दगडमातीच्या जाडजूड भिंतींखाली आणि मातीच्या जड छपरांखाली, गाढ झोपेत. कारण विचारायचं तर भिंतीचं विचारा. २६ डिसेंबर २००४ ला, नाताळच्या दुसऱ्याच सकाळी, तमिळनाडूतल्या वेलंकनी या तीर्थक्षेत्राच्या किनाऱ्यावर त्सुनामीत बुडालेले कितीतरी जण यात्रेकरू होते, देवाच्या कामाला आलेले. प्रभूचा दिवस मोडला म्हणून मरण येत असेल तर या लोकांनी काय मोडलं होतं? आणि ‘मंदिर वाचलं, चमत्कार झाला’ हे वाक्य ज्याचं माणूस त्याच वाळूत गेलं त्याच्या कानाला कसं लागत असेल, ते सांगणाऱ्याने बोलण्याआधी बघावं.

दुसरं. शब्बाथ (यहूद्यांचा विश्रांतीचा दिवस) आणि पाण्यात पडलेला जीव हा विषय शुभवर्तमानात आहे. लूक १४:५: तुमच्यापैकी कोणाचा मुलगा (काही प्रतींत गाढव) किंवा बैल विहिरीत पडला तर शब्बाथ आहे म्हणून तुम्ही त्याला लगेच ओढून काढणार नाही का? येशूच्या नजरेत त्या दिवशी पाण्यात पडलेला जीव काढायचा असतो. त्याच्यावर बोट दाखवायचं नसतं.

तेव्हा तरुणांना ताकीद द्यायची तर ती पाण्याची द्या, आणि दफनात नको, महिन्याने युवक संघात. धरणाचा तळ उथळ वाटतो आणि एका पावलावर एकदम खोल जातो. गाळात पाय रुततो. वरचं पाणी कोमट आणि खालचं गार असलं की अंगात गोळे येतात. एकामागोमाग दोघे-तिघे जातात ते बहुतेक वाचवायला उडी मारल्यामुळे. बुडणारा गळ्याला मिठी मारतो. उडी मारायची नाही. दोर, ओढणी, काठी, रिकामा बंद कॅन, जे असेल ते फेकायचं आणि जमिनीवर पोटावर झोपून ओढायचं. सहलीला जाताना वीस मीटर दोर आणि दोन रिकामे पाच लिटरचे कॅन गाडीत ठेवा. मंडळीने हे एकदा करून दाखवलं तरी ती मोठी सेवा होईल.

---

उत्तर ४ | स्पष्ट_बोलतो

वरच्या सगळ्यांचा आदर राखून. तुम्ही देवाला फारच मवाळ करून टाकलात. आमोस ३:६ काढा, नगरावर अरिष्ट आलं तर ते परमेश्वराने आणलं नसेल काय? इब्री १२:६, ज्याच्यावर प्रभू प्रेम करतो त्याला शिक्षा करतो. दावीदाचं बाळ दावीदाच्या पापासाठी मेलं, २ शमुवेल १२. आणि लूक १३ मध्ये बेरियांनी वाक्याचा दुसरा भाग गाळला: ‘पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल.’ पाळकसाहेबांनी चुकीच्या वेळी सांगितलं म्हणा, चूक सांगितलं म्हणू नका.

---

उत्तर ५ | बेरिया_१७११

दुसरा भाग मी गाळला हे मान्य. पण तो कोणाला उद्देशून आहे? बातमी घेऊन आलेल्या जिवंत माणसांना. मेलेल्या अठरांबद्दल त्यात अवाक्षर नाही. आणि लगेच पुढे अंजिराच्या झाडाची गोष्ट: मालक म्हणतो तोडून टाक, माळी म्हणतो यंदाचं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. पश्चात्तापाच्या बोलावण्यानंतर येशूने मांडलेलं देवाचं वागणं ते असं.

आमोस ३:६ नंतरचं सातवं वचन वाचा. परमेश्वर आपलं रहस्य आपल्या संदेष्ट्यांना कळवल्याशिवाय काही करत नाही. दावीदाकडे नाथान संदेष्टा आला होता, आधी आला होता, आणि पाप कोणतं ते नाव घेऊन सांगितलं होतं. नाथान आलेला नसताना घडलेल्या मरणावरून मागे जाऊन पाप शोधणं, हेच ईयोबाच्या मित्रांनी केलं. इब्री १२ चे वाचक छळ सोसणारे, जिवंत विश्वासणारे होते. चौथ्याच वचनात ‘तुम्ही अजून रक्त पडेपर्यंत टक्कर दिली नाही’ असं आहे. शिस्त जिवंत मुलाला लावतात, ती त्याला वाढवायला असते. मुलाला मारून टाकून शिस्त लागत नाही.

मवाळपणाचं म्हणाल तर योहान ११ घ्या. लाजर मेलाय, त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया. मार्था येशूला म्हणते, प्रभुजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. अकरा वचनांनंतर मरीया अक्षरशः तेच वाक्य म्हणते. ही तक्रारच आहे. निरोप धाडूनही येशू दोन दिवस मुद्दाम थांबला होता हे त्याच अध्यायात आहे. येशू दोघींपैकी कोणावर रागावत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो, कारण तिला बोलायचं होतं. मरीयेपुढे तो काहीच समजावत नाही, कबर कुठे आहे विचारतो आणि रडतो. तेच वाक्य, दोन माणसं, दोन प्रतिसाद. देवाचं प्रेम पाळकपणात उतरतं ते असं, समोर मार्था आहे की मरीया हे आधी ओळखणं.

आणि त्या दोघी तक्रार कुठे करतात बघा: त्याच्या तोंडावर. गावात सांगत फिरत नाहीत. देवाशी असं बोलायची मुभा आहे, मग पाळकांशीही समोर बसून बोलता आलं पाहिजे, आणि पाळकांनीही ते ऐकून घेता आलं पाहिजे.

---

उत्तर ६ | बालोपासना

संडेस्कूलच्या मुद्द्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून.

त्या पोराचा प्रश्न वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, त्याला गप्प केलं नाहीत ना? उत्तर सरळ द्या: ‘देव मुलांना लाडकी म्हणून मारत नाही. तो पाण्यात बुडाला. देवालाही त्याचं वाईट वाटलं. येशूसुद्धा मित्राच्या कबरीपाशी रडला.’ चार छोटी वाक्यं, पुढे स्पष्टीकरण नको. मोठं माणूस तिथे घाबरतं आणि बोलत सुटतं.

लहानांपुढे ‘झोपला’ म्हणू नका. पाच-सहा वर्षांची मुलं रात्री झोपायला घाबरतात. ‘देवाने नेला’ म्हणू नका. मग देवाचीच भीती बसते. ‘मेला’ हा शब्द आपल्याला कडक वाटतो, मुलांना तो कळतो.

आठ ते बारा वयासाठी एक तास असा घेता येईल. स्तोत्र १३ घ्या, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. विचारा, हे कोण कोणाला बोलतंय, आणि देव रागावला का? मग तीन-चार, तिथे मागणं आहे. मग कागद द्या, प्रत्येकाने देवाला एक ‘कोठवर’ लिहायचा. कागद तपासायचे नाहीत, वाचून दाखवायला लावायचे नाहीत. घडी करून डब्यात. शेवटची दोन वचनं, भरवशाची, तुम्ही वाचा. मुलांनी म्हटलीच पाहिजेत असं करू नका, विशेषतः त्या बहिणीने. तिच्या घरी आधी सांगा की या रविवारी हा पाठ आहे; नको असेल तर ती छोट्यांच्या वर्गात मदतीला बसेल.

मोठ्या मुलांना स्तोत्र ८८ दाखवा. ते अंधारावरच संपतं, शेवटी आभार नाहीत, स्तुती नाही. तरी ते बायबलमध्ये ठेवलेलं आहे. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना हे कळलं की खांदे सैल होतात.

---

उत्तर ७ | वाचक_परदेशी

विषय थोडा वेगळा, पण विचारतो. मरण आत्महत्येने आलं असेल तर? आमच्या ओळखीत फादरांनी दफन द्यावं की नाही यावर नातेवाइकांत वाद झाला.

---

उत्तर ८ | गास_वसई

कॅथलिकांपुरतं उत्तर. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत (कॅथलिक चर्चच्या कायद्यात) जाणूनबुजून आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती दफन नाकारलं होतं; वडीलधाऱ्यांच्या डोक्यात तेच बसलंय. १९८३ च्या संहितेत अंत्यविधी कोणाला नाकारावा ते कलम ११८४ मध्ये आहे आणि त्या यादीत आत्महत्या नाही. धर्मशिक्षणग्रंथाचा २२८२ वा परिच्छेद सांगतो की मानसिक आजार, भीती, असह्य यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. २२८३ वा सांगतो की अशांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. तेव्हा दफन, मिस्सा, दोन्ही मागा, न लाजता. मिस्साचा हेतू (ती कोणासाठी आहे ते) लिहून घेताना कारण सांगायची गरज नसते, नाव पुरतं. आणि देणगी नसेल तरीही धर्मगुरूंनी गरिबांच्या हेतूसाठी मिस्सा अर्पण करावी अशी कलम ९४५ मध्ये आग्रहाची शिफारस आहे, तेव्हा पैशापायी अडू नका.

प्रवचनात मरणाचा प्रकार, जागा, चिठ्ठी, यातलं काही येऊ नये. फादरांना आधी भेटून एवढीच विनंती करा.

---

संडेस्कूल_नगर

सर्वांचे आभार. वडील मंडळातले एक आणि मुलाचे मामा बुधवारी पाळकसाहेबांकडे जाणार आहेत. आईवडिलांनी हो म्हटलंय. मामांच्या मनात आहे की सगळं नीट झालं तर घरीच छोटी स्मरण-उपासना ठेवावी. ती कशी बांधावी?

---

उत्तर ९ | पास्टोरेट_सेक्रेटरी

पस्तीस मिनिटांच्या वर नेऊ नका. घरच्यांना बसायला खुर्च्या, बाकीचे सतरंजीवर. फोटो लावायचा की नाही हे आईला विचारा, हार घालायचा की नाही हेही. यावर मंडळीत मतभेद असतात, त्या दिवशी ते काढायचे नाहीत.

एक गीत, घरच्यांनी निवडलेलं, दोन कडवी. मग स्तोत्र १३ किंवा विलापगीत ३ ची सतरा ते तेवीस ही वचनं. त्यांत ‘मी सुख विसरलो’ आधी येतं आणि परमेश्वराची दया नंतर. नुसतं बावीस-तेवीस वाचलं तर शोकाचा भाग गळतो. वाचणारा तरुण असावा, मुलाच्या मित्रांपैकी. जे त्या दिवशी धरणावर होते त्यांना मुद्दाम बोलवा. ते स्वतःला गुन्हेगार समजून लांब राहतात आणि सगळ्यांना वाटतं की त्यांना काही वाटत नाही. पण आधी आईवडिलांना विचारूनच.

मग पाच मिनिटं शांतता. घड्याळ लावा, कारण आपल्या लोकांना दोन मिनिटांनंतर कोणीतरी प्रार्थना सुरू करावीशी वाटते. मग पाळकसाहेबांची प्रार्थना. प्रवचन नाही. हे बुधवारच्याच भेटीत ठरवून घ्या, म्हणजे त्या दिवशी त्यांनाही अवघडल्यासारखं होणार नाही. ‘साहेब, त्या दिवशी आपण फक्त प्रार्थना आणि आशीर्वाद द्यावा’ इतकं म्हटलं की पुरे. ते माफीचं वाक्य बोलणार असतील तर ते उपासनेत, सर्वांसमोर नको. आधी, आत, आईवडिलांपाशी. सर्वांसमोर झालं की आईवडिलांवर ‘माफ केलं’ म्हणायची सक्ती होते.

प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून, आशीर्वाद, चहा. चहाची भांडी त्या घरची वापरू नका, धुवायचं काम त्यांच्यावर पडतं. सतरंज्या, कप, किटली मंडळीतून न्या आणि त्याच संध्याकाळी परत आणा.